गाडी हाताने झुकते, अंगाने नाही

प्रश्न असा आलाय: दीडशे सीसीची गाडी, चार वर्षांची सवय. नगर रस्त्यावर साठच्या वेगात कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबलेला असतानाच गाडी उजवीकडे काढायला गेलो, पुढचं चाक सुटलं आणि गुडघा फुटला. आता जो तो सांगतोय, ‘अंग टाकायला शीक’. रेसवाले गुडघा टेकवतात तसं अंग टाकायचं असतं का? आधी ब्रेक की आधी गाडी काढायची? आणि धाकटी बहीण स्कूटर चालवते, तिलाही हेच शिकवू का?

आधी गुडघा पूर्ण बरा होऊ द्या. अर्धवट बऱ्या गुडघ्याने टाकी घट्ट धरता येत नाही आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

तुम्ही पडलात ते अंग टाकलं नाही म्हणून नव्हे. एकाच टायरकडून एकाच क्षणी दोन कामं मागितली म्हणून पडलात. टायरकडे पकडीची एकच शिदोरी असते. ती ब्रेकने खाल्ली तर वळायला काही उरत नाही. सरळ जाताना पुढचा ब्रेक कचकचून दाबला की पुढच्या टायरची जवळजवळ सगळी पकड वेग कमी करण्यात खर्च होते. त्याच क्षणी हँडल दाबून गाडी झुकवली की टायरला बाजूचा जोर घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला त्याच्याकडे काही शिल्लक नसतं. तुमच्या गाडीला एबीएस असेल, तरी त्याच्या भरवशावर झुकलेल्या गाडीत ब्रेक दाबू नका. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. ही फार चांगली गोष्ट झाली, पण या वर्गातल्या गाड्यांवरचं एबीएस चाक लॉक होऊ नये एवढंच बघतं. गाडी किती झुकली आहे हे त्याला कळत नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांवर ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक लॉक होऊ शकतंच.

ही चूक मी स्वतः केली आहे. 2007 च्या डिसेंबरात, उसाच्या हंगामात, रात्री फलटणच्या बाजूने येत होतो. समोर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल पट्टी, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. दिसलं तेव्हा ब्रेक दाबला, दाबलेलाच ठेवला आणि गाडी उजवीकडे ओढली. पुढचं चाक गेलं, मी रस्त्यावर घसरत गेलो, गळपट्टीचं हाड मोडलं. ट्रॉलीच्या उजवीकडे एक अख्खी गाडी जाईल एवढी मोकळी जागा होती. ब्रेक सोडून हँडल दाबलं असतं तर मी त्या जागेतून निघून गेलो असतो. त्या सहा आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीत मी या विषयाकडे पहिल्यांदा नीट बघितलं, आणि तेव्हापासून शिकतो आहे, शिकवतो आहे.

आता हात. चालत्या गाडीला उजवीकडे न्यायचं तर उजव्या हाताने हँडलची उजवी बाजू पुढे दाबायची. पुढे, म्हणजे गाडी जाते त्या दिशेने, खाली नाही. डावीकडे जायचं तर डावी बाजू पुढे. ऐकायला उलटं वाटतं, कारण उजवी बाजू पुढे दाबली की चाक क्षणभर डावीकडे वळतं. तेच हवं असतं. लहानपणी तळहातावर काठी उभी तोलली असेल. काठी उजवीकडे कलंडावी असं वाटलं तर हात आधी डावीकडे न्यावा लागतो. गाडीचंही तसंच आहे. चाकं किंचित डावीकडे सरकतात, वरचं धूड उजवीकडे कलतं आणि गाडी उजवीकडे जाऊ लागते. साधारण पंधरा-वीसच्या वर वेग गेला की दोन चाकांचं कुठलंही वाहन असंच वळतं, सायकलसुद्धा. तुम्हीही चार वर्षं असंच वळत आला आहात, फक्त ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचं अमेरिकेतल्या डेटन गावी सायकलचं दुकान होतं. त्यातल्या विल्बरने डझनावारी सायकलस्वारांना विचारलं होतं की तुम्ही डावीकडे कसं वळता, आणि पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर त्याला एकानेही दिलं नाही. सव्वाशे वर्षांनी आपल्याकडेही तीच परिस्थिती आहे.

लायसन्सच्या परीक्षेत आपण आठचा आकडा काढतो. तो चालण्याच्या वेगात काढायचा असतो आणि त्या वेगात हँडल जिकडे वळवाल तिकडेच गाडी जाते. म्हणून आपल्या डोक्यात तेच बसतं. मग साठच्या वेगात घाबरलेला माणूस उजवीकडे जायला हँडल उजवीकडे ओढतो, गाडी डावीकडे झुकते, आणि माणूस नेमका जे चुकवायचं त्याच्यावरच जाऊन आदळतो. ‘गाडीने ऐकलंच नाही’ असं सांगणारे कित्येक जण मला भेटले आहेत. गाडीने ऐकलं होतं, तिला सांगितलं मात्र उलटं होतं.

अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली, आणि 1981 मध्ये त्याचा अहवाल आला. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत चालकाच्या हातात साधारणपणे दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ होता. बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबला, पुढचा कमी, आणि हँडल दाबून गाडी बाजूला काढण्याचं कसब जवळजवळ कुणातच नव्हतं. रस्ते त्यांचे, गाड्या त्यांच्या, पण माणसाचे हात सगळीकडे सारखेच. दोन सेकंदांत आठवून करता येईल असं हे काम नाही. ते हाताला आधीच येत असावं लागतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, अंग टाकण्याचा. गाडीवर अंग तीन तऱ्हांनी ठेवता येतं. एक, गाडी जेवढी झुकली तेवढंच आपण झुकायचं. रोजच्या वळणांवर, खंबाटकीच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात हेच पुरतं. दोन, गाडीपेक्षा जास्त आत झुकायचं. रेसवाले हेच करतात. अंग आत गेलं की त्याच वेगाला गाडी थोडी कमी झुकवून भागते. त्यांचं वळण चार-चार सेकंद चालतं, ते त्यांना आधीपासून ठाऊक असतं आणि त्याच्या अलीकडेच ते सीटवरून सरकून तयार बसतात. तीन, गाडी खालून झुकते आणि आपण वर सरळ राहतो. काही चुकवायचं असेल तेव्हा हे तिसरं.

कारण साधं आहे. चुकवणं म्हणजे एक वळण नव्हे, पाठोपाठची दोन वळणं. उजवीकडे निघा आणि लगेच परत सरळ व्हा. सत्तर किलोचं अंग आधी एका बाजूला टाकायचं, मग तेच उचलून दुसऱ्या बाजूला आणायचं, एवढा वेळ तिथे नसतो. स्प्लेंडरसारखी गाडी 112 किलोच्या आसपास भरते. त्यावर सत्तर किलोचा माणूस हलला की सगळा तोलच हलतो. त्यात अंग टाकणारा माणूस स्वतःला सावरायला हँडललाच लटकतो, हात ताठ होतात, आणि दुसरा दाब द्यायच्या वेळी हातात जोर उरत नाही. म्हणून डोकं आणि छाती सरळ ठेवायची, कंबरेखाली गाडीला हवं तसं डुलू द्यायचं. भोवरा फिरताना त्याची आर पायात असते आणि अंग वर डोलतं. इथे बरोबर उलटं, वरचं स्थिर आणि खालचं डोलणारं. यात गाडीला जरा जास्त झुकावं लागतं हे खरं, पण ते अर्ध्या-पाऊण सेकंदापुरतं.

त्यासाठी गुडघ्यांनी टाकी धरा, अगदी घट्ट. पायांचा पुढचा भाग फूटरेस्टवर, तळव्याने दाबलेला. पोट किंचित आवळलेलं. कोपरं वाकलेली आणि सैल. कुणी कोपराला बोटाने ढकललं तर ते सहज हललं पाहिजे. धरायचं काम पायांचं, सांगायचं काम हातांचं. हे दोन्ही हातांवरच टाकलं की दोन्ही बिघडतात. ज्यांना वाटतं की गाडी अंगानेच वळते, त्यांच्यासाठी कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलने एक खास गाडी बनवली होती. तिला नेहमीच्या हँडलच्या वर दुसरं हँडल थेट सांगाड्याला पक्कं बसवलेलं, न वळणारं. ते धरून हवं तेवढं अंग टाका. गाडी बाजूला जरा सरकते, पण नेमकी आणि झटक्यात कुठेही जात नाही.

आणि नजर. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल. कुत्र्याच्या डोळ्यांत बघत बसलात म्हणून गाडीही तिकडेच खेचली गेली असणार. मोकळी जागा शोधायची आणि तिच्याकडेच बघत राहायचं, मान वळवून. हे सांगायला सोपं आणि करायला सगळ्यात अवघड आहे. मला अजूनही स्वतःला आठवण करून द्यावी लागते.

ब्रेक की चुकवणं? इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून गणित मांडतो. कोरडा, चांगला डांबरी रस्ता आणि सराव असलेला हात धरला, तर नुसत्या ब्रेकने 40 च्या वेगाला गाडी साधारण 9 मीटरमध्ये थांबते, 60 ला 20 मीटरमध्ये, 80 ला 35 मीटरमध्ये. दोन मीटर बाजूला सरकायला गाडीला वेग कुठलाही असो, साधारण दीड सेकंद लागतो. त्या दीड सेकंदात 40 ला आपण 17 मीटर पुढे जातो, 60 ला 25, 80 ला 33. विचार करायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच, तो यात धरलेला नाही. आकडे ढोबळ आहेत, पण कल स्पष्ट आहे. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, चुकवायचं अंतर दुप्पटच. म्हणजे गावात, चाळीसच्या आत, ब्रेकच चांगला. चुकवणं कामाचं ठरतं ते हायवेवर, किंवा अडथळा अरुंद असेल तेव्हा: खड्डा, पडलेला दगड, ट्रकमधून सांडलेली खडी. अर्धा-एक मीटर सरकायला एक सेकंदच पुरतो. तुम्ही साठला होतात, कुत्रं छोटं होतं, तरीही सरळ राहून दोन्ही ब्रेक पूर्ण दाबणं हाच तुमच्यासाठी चांगला मार्ग होता. कुत्रं बिचकून कुठल्याही बाजूला वळतं, त्यामुळे ते चुकवायला जाणं म्हणजे अंदाजाचा खेळ. म्हैस किंवा गाय एकदा निघाली की सहसा निघालेल्या दिशेनेच जाते, म्हणून तिच्या शेपटीच्या बाजूने निघायचं. शेळ्यांच्या मागे अजून शेळ्या असतात, तिथे थांबायचंच.

बाजूला जागा आहे का, हे धोका दिसल्यावर बघायला वेळ नसतो, आधीच ठाऊक असावं लागतं. आपल्याकडे डावीकडून ओव्हरटेक करणारे कमी नाहीत. दर काही सेकंदांनी आरशात नजर टाकायची सवय असली की दोन्ही बाजूंना काय आहे आणि मागे ट्रक किती अंतरावर आहे, हे मनात तयार असतं. डावीकडे साइडपट्टी असेल तर ती डांबरापेक्षा किती खाली आहे तेही बघत चला. वीतभर खाली उतरलेल्या कडेवरून झुकलेली गाडी परत वर येत नाही.

सराव. जागा पक्की हवी, मातीची नको. डांबरी किंवा काँक्रीटचं रिकामं पार्किंग, परवानगी घेऊन. हेल्मेट, हातमोजे, घोट्यावरचे बूट, गुडघ्याला आणि कोपराला गार्ड. सोबत एक माणूस असावाच.

पहिल्या दिवशी काही चुकवू नका. तिसऱ्या गिअरमध्ये 35 च्या आसपास सरळ चला, उजव्या तळहाताच्या मुळाने हँडल हलकेच पुढे दाबा आणि गाडी कुठे जाते ते बघा. मग डाव्याने. अंग मुद्दाम पुतळ्यासारखं ठेवा. दहा-बारा खेपांनंतर चेहऱ्यावर हसू येतं, प्रत्येकाच्या येतं. एक काळजी घ्या: उजवा हात दाबताना मनगट वळून रेस वाढते किंवा तुटते. म्हणून मूठ सरळ न आवळता पेचकस धरतो तशी जरा तिरकी धरा.

मग पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून एका ओळीत बारा-बारा मीटरवर ठेवा आणि तीसच्या वेगात त्यांच्यामधून नागमोडी जा. इथे ताल सापडतो. दाब, दाब, दाब. खो-खोत बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळताना जसा ताल लागतो, तसाच. झटका नको, जड दार ढकलतो तसा सलग, ठाम दाब. रॉयल एनफील्डच्या 195 किलोच्या क्लासिक 350 ला तो जास्त द्यावा लागतो, रुंद हँडलच्या गाडीला कमी.

त्यानंतर खरा सराव. फक्कीने दोन मीटर रुंद चौकोन आखा. खरी वस्तू ठेवू नका, चुकलात तर रेघेवरून जाल एवढंच. त्याच्या अलीकडे 25 मीटरवर दोन बाटल्यांचं दार करा. मित्राला चौकोनाच्या बऱ्याच पलीकडे, बाजूला, सुरक्षित उभं करा. तुम्ही दारातून आत शिरलात की तो एक हात वर करेल, डावा किंवा उजवा. तिकडे निघायचं. तीसच्या वेगाने सुरुवात करा; चाळीसला न्यायचं असेल तर दार 30 मीटरवर घ्या. यात ब्रेकला हात लावायचाच नाही, रेसही तशीच धरून ठेवायची. पहिल्या दोन खेपांना डोकं गोंधळतं, दहाव्या खेपेला हात डोक्याच्या आधी निघतो.

शेवटी ब्रेक जोडा, पण आधी फक्त चुकवून झाल्यावर. गाडी पूर्ण सरळ झाली की मगच दोन्ही ब्रेक. हे पक्कं झालं की उलट क्रम: 50 वरून जोरात ब्रेक, ठरलेल्या रेघेवर पूर्ण सोडायचा, मग दाबून निघायचं. तुमचा गुडघा फुटला तो हेच न केल्याने. मी शिकवताना एकच वाक्य म्हणतो: बोटं उघडल्याशिवाय तळहात दाबायचा नाही. ब्रेक सोडला की पुढचे शॉकॲब्झॉर्बर उसळतात, म्हणून बोटं झटक्याने न उघडता पटकन पण सलग उघडायची. एका वेळी अर्धा तास पुरे. दमलेला हात चुकीची सवय लावून घेतो. महिन्यातून एकदा उजळणी करा, कारण हात हे विसरतात.

पावसात सगळे आकडे बदलतात. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पहिल्या पावसात वर आलेलं तेल, यांवर झुकलेली गाडी नको. त्या दिवसांत वेग कमी ठेवणं आणि अंतर वाढवणं हाच उपाय आहे. टायरमधली हवा मात्र बारा महिने कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. कमी हवेची गाडी दाबाला उशिरा आणि लडबडत उत्तर देते.

डबलसीट असाल तर मागच्या माणसाशी आधी बोलून घ्या. गाडी झुकली तर विरुद्ध बाजूला कलू नका, माझ्या कंबरेला धरा, बस. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या माणसाला हे सांगूनही जमत नाही. त्याचा तोल मुळातच एका अंगाला असतो, त्यामुळे तशा वेळी जोरात चुकवायचा विचारच सोडा आणि वेग इतका ठेवा की ब्रेकवर भागेल. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून जाणाऱ्यांना मी हेच सांगतो: बाजूला लटकलेलं वजन झुकायलाही वेळ घेतं आणि परत सरळ व्हायलाही.

राहिली बहीण. तिलाही जरूर शिकवा, आधी तिलाच शिकवा म्हटलं तरी चालेल. स्कूटरची चाकं लहान, दहा किंवा बारा इंची, त्यामुळे ती दाबाला फार लवकर उत्तर देते. दाब निम्मा ठेवायला सांगा. तिला गुडघ्यांत धरायला टाकी नाही. मग दोन्ही पाय फूटबोर्डवर सपाट, टाचांवर जोर, पाठ सरळ आणि सीटवर नेहमीपेक्षा जरा पुढे. लहान चाकं खड्ड्यात खोल जातात, म्हणून तिला खड्डे चुकवणं तुमच्यापेक्षा जास्त कामाचं आहे. तिच्या स्कूटरला बहुधा कॉम्बी ब्रेक असेल, म्हणजे डावा ब्रेक दाबला की पुढचं चाकही थोडं धरलं जातं. त्यामुळे गाडी झुकलेली असताना डाव्या हाताची बोटंसुद्धा ब्रेकवर नकोत, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. बाटल्या बारा मीटरऐवजी नऊवर ठेवल्या तरी चालतील, आणि वेग पंचवीस. रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, दोघं मिळून सुरुवात करा. एकाने चालवावं, दुसऱ्याने हात वर करायला उभं राहावं.